वाडीचा रस्ता, महामार्ग आणि आपली ग्रामसभा

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

आम्ही कडावच्या बायका बोलतोय. लावणी उरकत आली आहे, पायांच्या भेगा अजून भरायच्या आहेत, आणि जरा बसायला सवड मिळाली आहे. म्हणून आज एक भांडण तुमच्यासमोर मांडतो. भांडण आमचं आमच्यातच झालं.

झालं असं. बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, आणि कुणीतरी रस्त्याचा विषय काढला. आपल्या कडावहून कशेळे, पुढे खांडस, आणि खांडसवरून शिडी घाटाने किंवा गणपती घाटाने चढून भीमाशंकर. महाशिवरात्रीला, श्रावणी सोमवारी माणसं पायी चढतात. तिथून गाडीरस्ता व्हावा ही मागणी अधूनमधून उठतच असते. एक काकू म्हणाल्या, "झालाच पाहिजे, म्हाताऱ्या माणसांनी काय देव बघूच नये का?" दुसरी म्हणाली, "आणि वर जंगल आहे त्याचं काय?" तिसरी म्हणाली, "जंगलवाल्या बाई, तुम्ही रस्त्याच्या कडेला राहता, तुम्हाला झाडं दिसतात. आमच्या वाडीला झोळी दिसते." ही तिसरी वाडीवरची ठाकर समाजाची. तिच्या भावजयीला बाळंतपणाच्या वेळी झोळीत घालून खाली आणलं होतं. ती बोलल्यावर बाकी सगळ्या गप्प झाल्या.

त्या बैठकीत निर्णय काहीच झाला नाही. पण एक गोष्ट लक्षात आली, की आपण 'रस्ता' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. वाडीचा रस्ता आणि महामार्ग. दोन्ही डांबराचे किंवा काँक्रीटचे असतील, पण एक आपल्या दारात येतो आणि दुसरा आपल्या दारावरून जातो. कायद्यातही या दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. ते समजून घ्यायला आम्हाला महिना-दीड महिना लागला. जे कळलं ते सांगतो.

आधी आपलं जंगल. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. पुणे, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलं आहे, म्हणजे काही भाग आपल्या बाजूच्या उतरणीचाही आहे. ते जाहीर झालं मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी. तुमच्यापैकी ज्या वर गेल्या असतील त्यांनी पाहिलं असेल, ते जमिनीवर फारसं उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर, फांदीला फांदी लागलेली असेल तरच त्याचं चालतं. पायवाटेवर दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या असतात, अरुंद रस्त्यावरही कधी कधी भिडतात. चौपदरी रस्त्यावर भिडणार नाहीत. शेकरूच्या दृष्टीने तिथे जंगल संपलं.

आता मापाचं बघू, म्हणजे गुंठ्यात. आपल्याला हेक्टर कळत नाही, गुंठा बरोबर कळतो. वाडीचा रस्ता पाच मीटर रुंद धरा आणि एक किलोमीटर लांब धरा. अर्धा हेक्टर झाला, म्हणजे साधारण पन्नास गुंठे. चौपदरी महामार्गाला गटारं, कडेची जागा, भराव असं सगळं धरून ४५ ते ६० मीटर रुंदीचा पट्टा लागतो. साठ धरला तर एका किलोमीटरला सहा हेक्टर. सहाशे गुंठे. पंधरा एकर. तेवढ्याच लांबीला बारापट जमीन. आमच्या गटातल्या एकीने हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला आणि वाडीवरच्या मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "मला पन्नास गुंठे पुरतात."

रस्ता संरक्षित जंगलातून जातो तेव्हा काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या शेजारी आहे. कर्नाळा. लहानसं अभयारण्य, बारा चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो. पनवेलहून पेणला जाताना एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण गावांनी, लोकांनी विरोध केला आणि गोष्ट दिल्लीपर्यंत गेली, असं ताजं उदाहरण गोव्यातलं आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेवर मोले नावाचं गाव आहे. तिथे भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे, दोन्ही मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर. दूधसागर धबधबा तिथलाच. सह्याद्री तोच, आपलाच, फक्त खाली दक्षिणेला. या एका जंगलातून तीन कामं एकाच वेळी न्यायची ठरली. पणजी-बेळगाव महामार्गाचा अनमोड ते मोले हा सुमारे १३ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करायचा, रेल्वेचा दुसरा रूळ टाकायचा आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी न्यायची. एकट्या रस्त्यासाठी बारा हजारांवर झाडं जाणार होती. तिन्ही कामांच्या मंजुऱ्यांची प्रक्रिया २०१९ आणि २०२० मध्ये झाली. त्यातला काही काळ टाळेबंदीचा होता, लोक घरात कोंडलेले होते.

मग लोक उठले. त्यात विद्यार्थी होते, शास्त्रज्ञ होते, चित्रं काढणाऱ्या मुली होत्या, मासेमारी करणारे होते, शेतकरी होते. रेल्वेच्या दुसऱ्या रुळावरून कोळसा जास्त येईल म्हणून रुळालगतच्या गावांचा विरोध होताच. तिथल्या अनेक ग्रामसभांनी दुपदरीकरणाविरुद्ध ठराव केले. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोर गावात हजारो माणसं रेल्वेच्या फाटकाजवळ जमली आणि पहाटेपर्यंत बसून राहिली. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जाग्यावर जाऊन पाहिलं आणि २०२१ मध्ये अहवाल दिला. या दुसऱ्या रुळामुळे गाड्यांची क्षमता थोडीशीच वाढेल आणि जंगलाचं नुकसान मात्र भरून न येणारं होईल, असा त्याचा रोख होता. ९ मे २०२२ ला न्यायालयाने रेल्वेच्या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. नीट अभ्यास करून नवा प्रस्ताव आणायला रेल्वेला मोकळीक ठेवली. आणि हेही सांगायला हवं की त्या आदेशाने रद्द झाली ती रेल्वेची मंजुरी, महामार्गाची नव्हे.

म्हणजे ठराव झाले, रात्र जागवली, आणि तरी शेवटी काम झालं ते कागदावरच्या पुराव्यावर. ठरावांचा उपयोग नव्हता असं आम्ही म्हणत नाही. ठराव नसते तर हा प्रश्न चार-दोन शहरी पोरांचा आहे असं म्हणून बाजूला सारता आला असता. पण नुसत्या 'आमचा विरोध आहे' एवढ्या ठरावाने रस्ता थांबत नाही.

आपल्या राज्यातलं बघा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग. वर्ध्याच्या पवनारपासून सिंधुदुर्गात पत्रादेवीपर्यंत, सुमारे ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. २०२४ पासून कोल्हापूर, सांगलीकडच्या गावांनी ग्रामसभांत विरोधाचे ठराव केले, मोर्चे काढले. सिंधुदुर्गात ही आखणी आंबोलीच्या डोंगरातून उतरणारी, म्हणजे पाणी आणि वाघाची वाट दोन्ही असलेल्या मुलखातून. त्याच भागातल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिला होता. एवढं असून २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने महामार्गाला मंजुरी दिली आणि भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून जास्त रकमेची तरतूद केली. कोल्हापूरच्या आखणीचा फेरविचार करू असं सांगितलं, तेवढंच गावांच्या ओरडण्याचं फळ. राज्याच्या महामार्ग कायद्यात जमीन घेताना हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यातही २१ दिवसच. हरकत ऐकून घेतात. गावाची संमती मात्र कुठेच मागत नाहीत.

मग आम्ही विचारलं, असं एखादं गाव आहे का, ज्याच्या ग्रामसभेचं 'नाही' खरोखर शेवटचं ठरलं? आहे. ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की डोंगरावरच्या ग्रामसभांना विचारा. बारा लहान लहान वस्त्या. बाराही वस्त्यांनी 'नाही' म्हटलं. पुढच्या वर्षी केंद्राने खाणीची परवानगी नाकारली. त्या बारा वस्त्या कोल्हापूरच्या मोठमोठ्या गावांपेक्षा जास्त ताकदवान होत्या का? नाही. त्यांच्या पाठीशी कायदा वेगळा होता. वनहक्क कायदा, २००६ चा.

इथे आमचे डोळे उघडले. कारण हा कायदा आपल्याकडेही आहे.

मैत्रिणींनो, आपला रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. घाट चढून वर गेलं की आंबेगाव तालुक्यातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांना पेसा कायदा लागू आहे. खाली आपल्या कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांना नाही. डोंगर एक, माणसं एक, नातीगोती एक, पण ग्रामसभेचं बळ वर वेगळं आणि खाली वेगळं. हे अनेकींना माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. पण वनहक्क कायद्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. तो आपल्याकडे पूर्ण लागू आहे. आणि अभयारण्याच्या आतही लागू आहे.

आता या कायद्यातल्या दोन वाटा सांगतो.

पहिली वाट, वाडीच्या रस्त्याची. कलम ३ च्या दुसऱ्या भागात लिहिलं आहे की शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे आमच्या मैत्रिणीचे पन्नास गुंठे यात बसतात. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ते ध्यानात ठेवा. पण सुरुवात ग्रामसभेपासून होते. 'जंगलखातं रस्ता करू देत नाही' असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. त्या प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचं, ग्रामसभेने शिफारशीचा ठराव केला होता का? पुष्कळदा केलेलाच नसतो.

दुसरी वाट, महामार्गाची. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल तर आधी तिथल्या लोकांचे वनहक्क निकालात काढा आणि ग्रामसभेची संमती घ्या, असं केंद्राने ऑगस्ट २००९ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं होतं. मग ५ फेब्रुवारी २०१३ ला दुसरं परिपत्रक आलं. रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशी लांबलचक कामं अनेक गावांतून जातात, म्हणून त्यांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट. महामार्ग सुटला. पण त्यात एक अपवाद ठेवला. ज्या आदिम जमाती आहेत, त्यांच्या मान्य झालेल्या हक्कांना धक्का लागत असेल तर सूट नाही, संमती लागेल.

कातकरी ही महाराष्ट्रातली आदिम जमात आहे, सरकारी यादीतच तशी आहे. आणि कर्जत-खालापुरात कातकरी वाड्या किती आहेत ते आपण रोज बघतो. नदीकाठी, डोंगराच्या पायथ्याला, गावाच्या कडेला. गावातल्या बऱ्याच जणी त्यांना फक्त मजुरीला बोलवायचं तेव्हा आठवतात, आम्हीही त्यातल्याच. आणि कायद्याने मोठ्या रस्त्याला 'थांब, आधी विचार' म्हणण्याचा अधिकार आपल्या भागात कुणाकडे ठेवला, तर त्यांच्याकडे.

पण परिपत्रकातला एक शब्द नीट ऐका. 'मान्य झालेल्या' हक्कांना. दावा दाखल नसेल, मंजूर नसेल, तर कागदावर हक्कच नाही, आणि मग धक्का तरी कशाला लागणार? २०२२ साली वनसंवर्धनाचे नियमही बदलले. हक्कांची पूर्तता झाली की नाही हे केंद्राने मंजुरीआधी बघण्याची अट सैल झाली, ते काम राज्यावर सोडलं. म्हणजे रस्त्याची आखणी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दावे आधी हवेत.

आता कातकरी वाडीतले दावे मागे का राहतात? कागद नसतात हे एक कारण. पण कायदा नुसते कागद मागत नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, जुनी विहीर, मसणवटा, देवाची जागा चालते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा असतो. मंजूर झालेला पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. शिवाय सगळ्या गावाचा मिळून सामूहिक दावा वेगळा करता येतो. शेवळं, भारंगी, फोडशी, कंटोळी, करवंदं, मोहाची फुलं, खेकडे, मासे, गुरं चारायची जागा, हे सगळं त्यात लिहायचं. कर्जत-नेरळ स्टेशनच्या बाहेर पावसाळ्यात रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात त्या बायकांना विचारा, कुठल्या डोंगराच्या कुठल्या बाजूला काय उगवतं. त्यांच्याइतका बारीक नकाशा कुठल्या कचेरीत नसेल.

दुसरं कारण आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा लाज वाटली. ग्रामसभा कधी भरतात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. चारातल्या दोन सभा त्यांच्या अशाच जातात. आपण म्हणतो, "ते लोक सभेला येतच नाहीत." येणार कुठून, वाडीला कुलूप आहे! आणि वनहक्काच्या ग्रामसभेला तर निम्मे सभासद हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. बायका नसतील तर ती सभा वैध नाही. वनहक्क समितीतही एक तृतीयांश बायका असल्याच पाहिजेत. तेव्हा वनहक्काची खास सभा घ्यायची तर जुलै ते सप्टेंबर हाच काळ. म्हणून आज, लावणी उरकता उरकता, आम्ही हे बोलतोय.

इथे आमच्यातलीच एक विचारते, "पंचायत नेहमी जंगलाच्याच बाजूने उभी राहील असं कुणी सांगितलं?" बरोबर आहे तिचं. पश्चिम घाटातली संवेदनशील गावं जाहीर करायचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ ला पुन्हा काढला. असे मसुदे आधीही निघाले आणि कोकणातल्या कितीतरी ग्रामपंचायतींनी आमचं गाव यादीतून वगळा असे ठराव केले. काहींना खरंच भीती होती की घर बांधता येणार नाही, विहीर खणता येणार नाही. काही ठिकाणी खाणीवाल्यांची, जमिनी घेणाऱ्यांची फूस होती. गावचा ठराव गावच्या मनातला आहे की कुणाच्या खिशातला, हे ठराव वाचून कळत नाही. तो कसा झाला ते बघावं लागतं.

आमच्या ओळखीच्या एका गावात काय झालं ते सांगतो, गावाचं नाव घेत नाही. सभेची हजेरी म्हणून बायकांच्या सह्या घेतल्या. इतिवृत्तात कोरी जागा होती. नंतर त्या जागेत एका जमिनीच्या कामाला 'सर्वानुमते ना हरकत' असं लिहिलेलं सापडलं. सह्या खऱ्या, अंगठे खरे, ठराव मात्र कुणी ऐकलेला नाही. त्यातल्या एका मावशीने आम्हाला विचारलं, "मग मी हो म्हटलं की नाही म्हटलं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

२०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असंही ग्रामपंचायत कायद्यात आहे. दारूचं दुकान बंद करायला बाटली आडवी करताना आपण मतं मोजून घेतली होती, एक एक. मग जमिनीच्या, जंगलाच्या ठरावाला 'सर्वानुमते' एवढ्यावर का सोडायचं? ठरावात लिहून घ्यायचं की हजर इतक्या, त्यात बायका इतक्या, बाजूने इतक्या, विरोधात इतक्या. कुठल्या वाड्या, कुठले गट नंबर, कुठला झरा, कुठली वहिवाट, कुणाचे वनहक्क दावे दाखल आहेत किंवा मंजूर आहेत, जनावरं कुठून उतरतात, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं. शेवटचं वाक्य लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचं, मग सही. सहीखाली रेघ ओढायची, म्हणजे वर जागा राहत नाही. आणि ठरावाची शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागायची. ती नक्कल जिल्हाधिकारी, वनखातं आणि वनहक्काची उपविभागीय समिती यांच्याकडे जायला हवी, पोच घेऊन. वनजमिनीचे प्रस्ताव केंद्राच्या 'परिवेश' नावाच्या संकेतस्थळावर दिसतात. घरातल्या कॉलेजच्या पोरीला महिन्यातून एकदा तालुक्याचं नाव टाकून बघायला सांगा. रील बघता बघता हेही बघून होईल.

आणि दर वेळी 'नाही'च म्हणावं असंही नाही. नागपूरजवळ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणारा महामार्ग रुंद झाला. लोक न्यायालयात गेले, म्हणून तिथे जनावरांसाठी रस्ता खांबांवर उचलला, खालून वाट ठेवली. अशा नऊ वाटा, त्यातली सर्वांत लांब साडेसातशे मीटर. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत खालून जाणारे वाघसुद्धा टिपले गेले. 'नाही' म्हणता येत नसेल तिथे 'असा नको, असा कर' म्हणता येतं. पण तेही आधी म्हणावं लागतं, डांबर पडायच्या आधी.

आता परत झोळीकडे. १९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कुणी विसरलेली नाही. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. डोंगर खाली आला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीला रस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसं पावसात, चिखलात, अंधारात पायी चढली. यंत्रं वर जाऊ शकली नाहीत, हातांनी, कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. आमच्या गटातल्या वाडीवरच्या मैत्रिणीचं म्हणणं आहे, की रस्त्याला विरोध असा शब्द तुम्ही उच्चारताना त्या रात्रीचा विचार करा. आम्ही तो करतो. पण इर्शाळवाडीला हवा होता तो पन्नास-शंभर गुंठ्यांचा रस्ता होता. तिच्या खालून, नजरेच्या टप्प्यात, देशातला सर्वांत जुना द्रुतगती मार्ग वाहतच होता. महामार्ग जवळ असून वाडीला रस्ता मिळालेला नव्हता. 'तुमच्या विकासासाठी' म्हणून मोठा रस्ता येईल तेव्हा हे त्यांना विचारायला हवं. या मुद्द्यावर मात्र आमच्या बैठकीत दोन्ही बाजूंच्या बायकांनी माना हलवल्या.

तर आम्ही काय करतोय ते सांगतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायला लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. भट्टीवरून आलेल्या कातकरी बायकांकडे आमच्यातल्या दोघी दोन संध्याकाळी जाऊन बसल्या. पहिल्या संध्याकाळी कुणी बोललं नाही. दुसऱ्या संध्याकाळी एका आजीने तिच्या सासऱ्याची जागा दाखवली, आंब्याखाली, दगड उभा केलेला. जबाब लिहून घ्यायचं ठरलं. आणि वाडीच्या रस्त्याच्या शिफारशीचा ठराव आम्ही मांडणार आहोत, एक हेक्टरच्या आतला. त्यावरही एक अडचण आली आहे. आखणी सरळ नेली तर झऱ्यावरून जाते. वळवून नेली तर दोन घरांची भाताची खाचरं तुटतात. पुढच्या मंगळवारी आम्ही सगळ्या जणी दोरी घेऊन मोजायला वर जाणार आहोत. पाऊस नसेल तर.